जागं होण्याचं कारण

भुसावळला जिन्याखाली माझं दुकान.
ताठ उभं राहिलं की टाळूला पायरी लागते.
मे महिन्यात दुपारी शटर अर्धं पाडून बसतो,
त्या अर्ध्यातून वाकून प्रमिलाबाई आत आल्या,
छातीशी लॅपटॉप, पंचात गुंडाळलेला,
ताप आलेल्या पोरासारखा.

पावतीवर 'झोपे' लिहिताना मी हसू दाबलं.
त्याच म्हणाल्या, 'हस भाऊ, हस.
घरात आम्ही दोघं झोपे, हा तिसरा,
आन हाच झोपत नाही.'

रात्री निजवून ठेवायचा, सकाळी बॅटरी शून्य.
त्यात लिनक्स मीच टाकून दिलं होतं,
फुकट म्हणून, आणि जुन्या हाडांना हलकं म्हणून.
म्हणजे दोष माझ्याच दारी.

नेहमीचं सगळं केलं. कर्नल बदलून पाहिला.
बायॉसमध्ये शिरून एकेक ओळ वाचली.
यंत्राच्या झोपेतही प्रती असतात,
एक नुसती डुलकी, पंखा बंद आणि कान उघडे;
एक गाढ;
आणि एक, जिच्यात जाण्याआधी
असेल नसेल ते सगळं डिस्कवर लिहून ठेवावं लागतं.
मी गाढ लावली.
दुकानात तीन रात्री तो मेल्यासारखा झोपला.
चौथ्या दिवशी नेऊन दिला,
पाचव्या दिवशी बाई पुन्हा शटरखाली.

मग मीच गेलो, खंडव्याच्या बाजूला,
रुळाला खेटून असलेल्या घरी.
अण्णा झोपे बनियनवर बसलेले.
रेल्वेत सेक्शन कंट्रोलर, एकतीस वर्षं रात्रपाळी,
आता दोन्ही कान गेलेले.
टेबलावर झाकण उघडंच ठेवायची सवय,
शेजारी माऊस, जो बाईंनी दुकानात आणलाच नव्हता.

लॉग उघडला. कुणीतरी याला उठवत होतं:
बारा एक्केचाळीस.
एक सत्तावन्न.
दोन एकवीस.
चार शून्य नऊ.
जागं होण्याचं कारण, यूएसबी.
रात्री माऊसला हात कोण लावणार?

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला,
त्या वेळांवरून बोट फिरवलं, सावकाश,
आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले,
'ही मेल. ही कोळशाची, भरलेली.
ही रिकामी रेक, यार्डात अडवून ठेवली असल गाढवानं.
दोन एकवीसचं मले माहीत नाही. नवी असल.'

थोड्या वेळानं एक मालगाडी गेली.
ताटलीतला चमचा वाजला,
माऊसचा लाल दिवा केसभर सरकला,
आणि झोपलेला पडदा उजळला.

एवढंच होतं.
कोणाला उठवायचा हक्क आहे, त्या यादीतून
माऊसचं नाव काढलं,
सुरू होताना दर वेळी काढलं जावं म्हणून एक ओळ लिहिली,
दोनशे रुपये घेतले.
कळण्याची भाकरी खाऊन जा म्हणाल्या. खाल्ली.

आठ दिवसांनी शटरखाली अण्णांच्या चपला.
एकटेच. बोलले नाहीत,
बाजारात ओरडायला लाज वाटली असेल.
खिशातून कागद काढून दिला, हिशेबासारखं अक्षर:

'तो उजेड परत पाहिजे.
ऐकू येत नाही. अंधारात पडल्या पडल्या
भिंतीवर उजेड आला की कळायचं, गेली.
बॅटरीचं हिला सांगू नको.
चार्जर मी लावून ठेवीन.'

मी ती ओळ पुसली नाही.
तिच्या आधी फक्त एक जाळीची खूण टाकली,
म्हणजे यंत्र ती वाचत नाही,
माणसाला दिसत राहते.
पैसे घेणार नव्हतो, पण त्यांनी वीसची नोट
कीबोर्डखाली सारली आणि वाकून बाहेर पडले.

कागद उलटा केला, मागेही दोन ओळी होत्या:
'दोन एकवीसची कळली. स्टेशनात विचारून आलो.
रिकामे डबे आहेत. केळी भरायला सावद्याला जातात.'